गेलो, गेलो होतो आणि ‘हॅड गॉन’

‘आय हॅड गॉन टु कल्याण यस्टर्डे.’ विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही शाळेत, क्लासमध्ये किंवा नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य ऐकू येतं. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे ते चूक आहे. ‘यस्टर्डे’ आलं की ‘वेंट’ हवं. पण इतकी माणसं एकच चूक एकाच पद्धतीने करत असतील, तर तिच्यामागे कारण असणार. आणि कारण असेल तर तिला चूक कितपत म्हणायचं, हेही ठरवावं लागेल. या प्रश्नावर परस्परविरुद्ध मतं असलेल्या दोघांचं हे बोलणं. एक आहेत अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले काका. दुसऱ्या मराठी आणि सिंधी घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाई. ‘हॅड’चा आग्रह काकांचा आहे आणि शंका बाईंची.

काका: बाई, ‘हॅड गॉन’ ऐकलं की इंग्रजी जाणणारा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघायला लागतो. गेला होता, बरं. कशाच्या आधी गेला होता? तुम्ही तिथेच थांबलात तर त्याला वाटतं, याचं बोलणं अर्धवट राहिलं. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली ‘एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’ या पुस्तकात हे फार सुटसुटीत मांडलं आहे. क्रियापदाच्या काळात तीन वेळा बघायच्या. आपण बोलतो ती वेळ, गोष्ट घडली ती वेळ, आणि मनाने जिथे उभं राहून आपण त्या गोष्टीकडे बघतो ती वेळ. ‘आय वेंट’मध्ये दुसरी आणि तिसरी वेळ एकच. मी कालच्या दिवसात उभा आहे आणि कालचंच जाणं बघतो आहे. ‘हॅड गॉन’मध्ये त्या दोन वेळा वेगळ्या होतात. मी भूतकाळातल्या एका जागी उभा राहतो आणि तिथून आणखी मागे बघतो. ‘व्हेन आय रीच्ड बदलापूर स्टेशन, द लास्ट लोकल हॅड लेफ्ट.’ मी फलाटावर पोचलो तेव्हा गाडी कधीच सुटली होती. यातला ‘हॅड’ काढून नुसतं ‘लेफ्ट’ ठेवा, गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटते. आता तुमच्या मुलांचं ‘हॅड गॉन यस्टर्डे’ घ्या. त्यात उभं राहायला जागाच नाही. मागे बघायचं ते कुठून?

बाई: काका, ‘हॅड गॉन’ ऐकून इंग्रजी माणसाचं जे होतं, तेच ‘गेलो’ ऐकून मराठी माणसाचं होतं. कुणी म्हणालं, ‘मी काल कल्याणला गेलो,’ की आपण लगेच विचारतो, ‘मग?’ कारण ती गोष्टीची सुरुवात झाली. तिथे काय घडलं, कोण भेटलं, पाकीट मारलं गेलं की काय, हे पुढे यायला हवं. ‘मी काल कल्याणला गेलो होतो’ म्हटलं की बोलणं पुरं होतं. गेलो, काम केलं, परत आलो. म्हणजे ऐकणाऱ्याला तिष्ठत ठेवणारं रूप इंग्रजीत ‘हॅड गॉन’ आहे आणि मराठीत ‘गेलो’. नेमकं उलट.

घरातली उदाहरणं घ्या. ‘दिवे गेले’ म्हणजे आत्ता अंधार आहे. ‘दिवे गेले होते’ म्हणजे मधे गेले, आता आले. ‘मामा आले’ म्हणजे चहा टाका. ‘मामा आले होते’ म्हणजे येऊन गेले. हा ‘होता’ दोन घटनांचा क्रम लावत नाही. ती गोष्ट मिटली, तिचा परिणाम आता समोर नाही, एवढंच तो सांगतो. हिंदीतलं ‘गया था’ हेच काम करतं. सिंधीतला पूर्ण भूतकाळही असाच, मागे ‘हो’ लावून होतो. उल्हासनगरच्या वर्गात घरी सिंधी, बाजारात हिंदी आणि शेजारी मराठी ऐकणारं मूल बसलेलं असतं. तिन्ही भाषा त्याला एकाच दिशेला ढकलतात. ते ‘हॅड गॉन’ म्हणतं तेव्हा त्याने नियम मोडलेला नसतो. स्वतःच्या भाषेचा नियम त्याने काटेकोर पाळलेला असतो.

काका: कारण पटलं. पण कारण कळल्याने परिणाम टळत नाही. माझ्या कामातला प्रसंग सांगतो. रात्रपाळीत स्टीमच्या लाइनवर अपघात होतो आणि फिटरचा हात भाजतो. सकाळी त्याचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो, कारण तो हेड ऑफिसला जाणार आणि तिथून विमा कंपनीकडे. पोरगा लिहितो, ‘व्हेन द फिटर ओपन्ड द व्हॉल्व्ह, द गॅस्केट फेल्ड.’ वाचणारा काय समजतो? फिटरने व्हॉल्व्ह उघडला आणि त्यामुळे गॅस्केट गेलं. चूक फिटरची. आता ‘द गॅस्केट हॅड फेल्ड’ लिहा. फिटर यायच्या आधीच गॅस्केट गेलेलं होतं. आता प्रश्न मेन्टेनन्सला विचारला जाईल, शेवटचं गॅस्केट कधी बदललं म्हणून. एका ‘हॅड’ने ठपका एका माणसावरून दुसऱ्यावर जातो. आणि ज्यांना जिथे तिथे ‘हॅड’ टाकायची सवय आहे ते लिहितात, ‘द फिटर हॅड ओपन्ड द व्हॉल्व्ह. द गॅस्केट हॅड फेल्ड. द स्टीम हॅड कम आउट.’ तिन्हीकडे ‘हॅड’. आधी काय झालं आणि नंतर काय, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येत नाही.

आणखी एक, बाई. हेच मराठीत म्हणून बघा. ‘व्हॉल्व्ह उघडला तेव्हा गॅस्केट गेलं’ आणि ‘व्हॉल्व्ह उघडला तेव्हा गॅस्केट गेलं होतं’. फरक तोच आहे. म्हणजे मराठीतला ‘होता’ क्रम लावतच नाही, हे काही खरं नाही. वाक्यात ‘तेव्हा’ आला, उभं राहायला जागा मिळाली, की तो बरोबर इंग्रजीसारखा वागतो.

बाई: हे मात्र खरं. माझं आधीचं म्हणणं जरा आवरतं घेते. मराठीच्या ‘होता’कडे दोन कामं आहेत. वाक्यात दुसरी वेळ असेल तर तो क्रम सांगतो. नसेल तर गोष्ट मिटल्याचं सांगतो. इंग्रजीच्या ‘हॅड’कडे यांतलं पहिलंच काम आहे, दुसरं काम तिथे साधा ‘वेंट’ करतो. आता वर्गातल्या मुलाची अडचण नीट दिसते. त्याला ‘हॅड’ येत नाही असं नाही. त्याचा ‘हॅड’ गरजेपेक्षा मोठा आहे, कारण तो ‘होता’च्या मापाने शिवलेला आहे.

पण तुमच्या रिपोर्टाबद्दल मला वेगळंच म्हणायचं आहे. एखाद्या कामगाराची नोकरी एका ‘हॅड’वर टांगायची का? लॉगबुकात वेळा असतात. दोन वाजून दहा मिनिटांनी प्रेशर घसरलं, दोन वाजून पंधरा मिनिटांनी फिटर आला, असं लिहिलं तर सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात असली तरी कुणाचा गैरसमज होणार नाही. इंग्रजीसुद्धा ‘हॅड’ला एवढं जपत नाही. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असला की क्रम त्या शब्दानेच कळतो. मग ‘आफ्टर द आर्मी लेफ्ट, द रेफ्युजीज मूव्ड इन’ हे वाक्य इंग्रजांनाही चालतं. अमेरिकेत तर आत्ताच जेवलेला माणूस ‘आय जस्ट एट’ म्हणतो. तिथे इंग्लंडमध्ये ‘आय हॅव जस्ट ईटन’ शिकवतात. ज्यांची भाषा आहे तेच अशी ढिलाई करतात, आणि आपण बदलापूरच्या पोराचा अर्धा गुण कापतो.

या टप्प्यावर वाद व्याकरणातून निसटून न्यायाच्या प्रश्नाकडे जाऊ लागतो. तो प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण काकांनी त्याआधी बाईंचंच उदाहरण उचललं, आणि त्यातून जे निघालं ते दोघांच्याही सुरुवातीच्या बोलण्यात नव्हतं.

काका: लष्कराचं बोललात म्हणून उल्हासनगरच घेऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाचं नाव पडलं. कॅम्प नंबर एक ते पाच अजूनही पत्त्यात लिहितात. हे मराठीत एका वाक्यात कसं येतं? ‘लष्कराने सोडलेल्या बराकींत निर्वासित राहायला आले.’ यात ‘होता’ आहे कुठे? क्रम सांगायचं काम ‘सोडलेल्या’ने केलं. इंग्रजीत मात्र ‘द रेफ्युजीज मूव्ड इन्टू बॅरक्स द आर्मी हॅड लेफ्ट’ असंच म्हणावं लागतं. आणि इथे तुमची मुलं ‘हॅड’ घालणार नाहीत, कारण मूळ वाक्यात ‘होता’ नाही. म्हणजे बघा, जिथे नको तिथे घालतात आणि जिथे हवा तिथे विसरतात. ‘चालतं हो, अर्थ कळतो ना’ असं म्हणून हे सुटणारं नाही. तुम्ही ‘आफ्टर’ची पळवाट सांगितलीत, पण दर वाक्यात ‘आफ्टर’ कुठून आणणार?

बाई: बरोबर. मराठीत मागची गोष्ट सांगायला ‘होता’ हा खरं तर शेवटचा मार्ग आहे. त्याआधी आपण ‘जेवून निघालो’ म्हणतो, ‘जेवल्यावर निघालो’ म्हणतो, ‘वाळलेले कपडे काढले’ म्हणतो. या सगळ्यांत आधी आणि नंतर आहे, ‘होता’ कुठेच नाही. मुलं भाषांतर करताना फक्त क्रियापदाचं शेपूट बघतात. ‘होता’ दिसला की ‘हॅड’, नाही दिसला की नाही.

काका: मग ‘हॅड’ कधी लावायचा, हे मुलांना कळेल अशा एका वाक्यात सांगता येतं का?

बाई: प्रयत्न करते. अंबरनाथचं शिवमंदिर घ्या, वालधुनीच्या काठचं. त्यावर शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. शिलाहार राजा छित्तराजाने बांधकाम सुरू केलं आणि माम्वाणिराजाच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. मी घडलं त्या क्रमाने सांगितलं तर दोन्ही साधी क्रियापदं पुरतात. आधी सुरू केलं, मग पुरं केलं. इंग्रजीतही ‘बिगन’ आणि ‘कम्प्लीटेड’. पण मी शिलालेखापासून सुरुवात केली, ‘१०६०मध्ये मंदिर पुरं झालं,’ आणि मग मागे वळले, तर मला म्हणावं लागतं, ‘ते छित्तराजाने सुरू केलं होतं.’ इंग्रजीतही तिथेच ‘हॅड बिगन’ येतो. गोष्ट सांगता सांगता मागे वळलात तर ‘हॅड’, पुढे चालत राहिलात तर नाही. आणि नुसतं एकच वाक्य बोलून थांबायचं असेल तर मागे वळायचा प्रश्नच येत नाही, म्हणून ‘हॅड’ नाही. ‘काल कल्याणला गेलो होतो’ हे त्या तिसऱ्या प्रकारातलं.

काका: मग शिकवा ना असंच. शिकवण्याला विरोध कशाला?

बाई: विरोध शिकवण्याला नाही, आत्ता जे शिकवलं जातं त्याला आहे. वहीत तक्ता असतो. डावीकडे ‘तो गेला होता’, उजवीकडे ‘ही हॅड गॉन’. वर लिहिलेलं, पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट. हा तक्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेच इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्या काळात तो मोठा उद्योग होता आणि त्यांचे उपकार आहेतच. पण इंग्रजीच्या खणांत मराठी बसवायची सवय तिथून लागली, आणि पुढे त्याच खणांतून मुलं उलटी इंग्रजीत जायला लागली. तर्खडकर भाषांतर पाठमाला घेऊन कितीतरी घरांतली माणसं इंग्रजी शिकली. सिंधी घरांत ‘रेन अँड मार्टिन’. त्यातले पी. सी. रेन इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये होते, कराचीत शाळेचे मुख्याध्यापकही होते. म्हणजे १९३०च्या दशकात निघालेलं ते पुस्तक कॅम्पातल्या मुलांना परकं नव्हतं, त्यांच्याच सिंधमध्ये शिकवून गेलेल्या माणसाचं होतं. पण त्यात तरी सिंधी किंवा मराठी मूल ‘हॅड’ कुठे जास्तीचा घालेल, हे कुठे आहे? ते इंग्रजीचं वर्णन आहे. आपल्या मुलाची वाट त्यात नाही.

काका: पुस्तकाने सगळंच सांगावं अशी अपेक्षा का करायची? शिक्षक कशाला आहे?

बाई: शिक्षकाकडे वेळ किती आहे ते बघा. २०००पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, तरी दहावीच्या मुलाला ‘नो सूनर हॅड द ट्रेन अराइव्हड दॅन’ हे वाक्य उलटसुलट करता येतं आणि ‘काल का आला नाहीस?’ याचं उत्तर देता येत नाही. तो म्हणतो, ‘आय डिडन्ट केम.’ तेही का म्हणतो बघा. मराठीत ‘आला’ आणि ‘आला नाही’. नकार आला तरी ‘आला’ हलत नाही, भूतकाळ त्याच्यातच राहतो. प्रश्नातही तसंच, ‘आला का?’ इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने उचलला की क्रियापद पुन्हा मूळ रूपात जातं. हे कुणी मराठीशी लावून दाखवत नाही. ‘मी रोज दादरला जायचो’ याचं मूल ‘आय वॉज गोइंग टु दादर डेली’ करतं, कारण ‘जात होतो’ आणि ‘जायचो’ दोन्ही आपल्याला चालतात. इंग्रजीत तिथे ‘यूज्ड टु गो’ हवं. माझ्याकडे आठवड्याच्या तासिका मोजक्या. त्यात मी ‘डिडन्ट कम’ आणि ‘यूज्ड टु’ पक्कं करून घेईन. ‘हॅड’ नंतर. ‘हॅड’ जास्तीचा पडला तर उल्हासनगर स्टेशनवर कुणाची गाडी चुकत नाही.

काकांना हे ‘नंतर’ पटलं नाही, आणि त्यांची बाजू इथे भक्कम आहे. ‘हॅड’ वेगळा काढून कोपऱ्यात ठेवता येईल असा सुटा भाग नाही. इंग्रजीत तो दुसऱ्याही एका महत्त्वाच्या जागी बसलेला आहे.

काका: ‘सात दहाची पकडली असती तर वेळेवर पोचलो असतो.’ हे वाक्य या लाइनवर रोज कोण म्हणत नाही? मराठीत दोन्हीकडे ‘असती, असतो’. म्हणून मुलं इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ टाकतात. ‘इफ आय वुड हॅव कॉट द ट्रेन.’ इंग्रजीत जरच्या बाजूला ‘हॅड’ लागतो, ‘इफ आय हॅड कॉट’. जे झालंच नाही ते सांगायला हेच रूप आहे. हुकलेली संधी, न झालेला अपघात, पश्चात्ताप, हिशेब, सगळं याच्यावर चालतं. ते तुम्ही कधी शिकवणार? कॉलेजात? तोपर्यंत मुलाची सवय घट्ट झालेली असते.

गोष्ट सांगण्याचंही तसंच. २६ जुलै २०१९ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं. यावर निबंध लिहायला सांगा. चांगलं इंग्रजी लिहिणारा पहिल्या वाक्यात एकदाच मागे वळतो. गाडी थांबली तेव्हा पाऊस कित्येक तास पडत होता, ‘इट हॅड बीन रेनिंग फॉर अवर्स’. मग पाणी चढलं, बोटी आल्या, माणसं उतरली, सगळं साध्या भूतकाळात. आपलं मूल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लावतं. पाणी ‘हॅड कम’, बोट ‘हॅड कम’, लोक ‘हॅड गॉट डाउन’. सगळंच मागे ढकललं की गोष्ट पुढे सरकतच नाही. तुम्ही म्हणता अर्थ कळतो. अर्थ कळतो, पण पूर दिसत नाही.

बाई: पूर दिसत नाही, हे मान्य. पण ते वाचणारं कोण आहे, हे ठरवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. मुंबई-दिल्लीची इंग्रजी वर्तमानपत्रं उघडा. ‘द पोलीस हॅड अरेस्टेड हिम लास्ट वीक’ अशी वाक्यं रोज छापून येतात. मराठी बातमीतल्या ‘गेल्या आठवड्यात पोलिसांनी त्याला अटक केली होती’ याचाच हा अवतार. लिहिणारा शिकलेला, तपासणारा शिकलेला, वाचणारे लाखो, आणि कुणाला अडत नाही. ब्रज काचरूंनी १९८३मध्ये ‘द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश’ लिहिलं. त्यांचं म्हणणं हेच, की इथली माणसं इंग्रजी आपसात वापरतात, तिला इथली वळणं लागली आहेत, आणि त्या प्रत्येक वळणाला चूक म्हणता येणार नाही. अंबरनाथच्या माणसाने पुण्याच्या माणसाला ‘आय हॅड गॉन टु कल्याण’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला बरोबर तेच कळतं जे बोलणाऱ्याला म्हणायचं होतं. गेला आणि आला. तिथे तुमच्या रायशेनबाखची तिसरी वेळ शोधत कोण बसतं?

आणि काका, भूतकाळ म्हणजे नुसतं घड्याळ नव्हे. ‘मला जरा विचारायचं होतं’ असं आपण आत्ता विचारताना म्हणतो. इंग्रजही ‘आय वाँटेड टु आस्क’ म्हणतो. दोघेही भूतकाळ वापरून थोडं अंतर ठेवतात, अदबीसाठी. हे मुलांना एकदा दाखवलं की ती स्वतःहून मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून बघायला लागतात. दर वाक्याला टोकलं की ती बोलायचीच थांबतात. वर्गात मागच्या बाकावर बसून गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना काळ येत नव्हते असं नव्हतं. चुकेल या भीतीने तोंड उघडत नव्हतं.

काका: टोका असं मी म्हणत नाही. पण ऐकणारा नेहमी पुण्याचाच असेल, हे तुम्ही कशावरून धरता? इथला माल बाहेर जातो, इथली पोरं रात्रपाळीत लंडनच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलतात. त्या गिऱ्हाइकाला पोरगा सांगतो, ‘आय हॅड सेंट यू द मेल.’ इथे म्हणायचं आहे, पाठवली होती हो, बघा जरा. त्याला ऐकू येतं, आधी पाठवली होती, मग काहीतरी झालं. तो विचारतो, ‘सो व्हॉट हॅपन्ड?’ आणि पोरगा गोंधळतो, कारण काहीच झालेलं नसतं. घरातल्या माणसाशी घरातलं इंग्रजी बोला, माझी ना नाही. पण दारापलीकडचं इंग्रजीही त्याच्या हातात दिलं पाहिजे. कधी कोणतं, ते तो ठरवेल. दुसरं दिलंच नाही तर ठरवणार काय?

बाई: दोन्ही द्यायचं, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण दोन्ही द्यायचं म्हटलं की पहिल्याला चूक म्हणायचं थांबवावं लागेल. नववीच्या पेपरात ‘आय हॅड गॉन टु कल्याण यस्टर्डे’ आलं तर मी खाली रेघ मारीन आणि विचारीन, बाळा, कशाच्या आधी? गुण कापणार नाही.

काका: मी अर्धा गुण कापीन. रेघ मारली की मूल ती बघतं आणि विसरतं. गुण गेला की घरी जाऊन विचारतं. परीक्षेचा पेपर हा दारापलीकडचाच कागद आहे. तपासणारा तुमच्या ओळखीचा नसतो.

बाई: आणि त्या अर्ध्या गुणासाठी पुढच्या वेळी ते ‘हॅड’ टाळेलच, जिथे हवा तिथेही. बराकीच्या वाक्यात, गॅस्केटच्या वाक्यात, गाडी चुकली तिथेही. भीतीने टाळलेलं आणि समजून वगळलेलं, दोन्ही उत्तरपत्रिकेत सारखंच दिसतं. तुम्हाला कसं ओळखू येणार?

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, आणि अर्धा गुण सोडायलाही ते तयार झाले नाहीत. वहीतला तो तक्ता मात्र दोघांनाही नको आहे. ‘तो गेला होता’समोर नुसतं ‘ही हॅड गॉन’ लिहिणं ही अर्धी माहिती आहे, आणि या पट्ट्यातल्या मुलांच्या इंग्रजीत जास्तीचे ‘हॅड’ येतात त्याचं एक मोठं कारण ती अर्धी माहिती आहे. शाळेत किंवा क्लासमध्ये इंग्रजी शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांना एकच विनंती. फळ्यावर तो तक्ता काढण्याआधी ‘पाहुणे आले’ आणि ‘पाहुणे आले होते’ ही दोन वाक्यं लिहा आणि फरक काय, हे मुलांना मराठीत विचारा. उत्तर त्यांना येतं.